डोळे बांधून केलेली वाटणी

धाकटी आली ती हॉकीच्या सहा स्टिका घेऊनच. खांद्यावरची लांब पिशवी तिने जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. ताटं नुकतीच उचलली होती, टेबल अजून ओलं होतं. वहिनीने पिशवीखाली कोरडं फडकं सरकवलं.

"भेटला का?" थोरल्याने विचारलं.

"भेटला," धाकटीने मामाकडे बघून उत्तर दिलं. दोन महिने ती थोरल्या भावाशी बोलायची ती अशीच, मध्ये कोणाला तरी धरून.

"मग? येतोय का परत?" मामाने विचारलं.

"त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे. पण त्याच्यासमोर तासभर मी मान खाली घालून बसले होते. आता ज्याने हे केलं त्याने आधी तोंडाने सांगावं, या टेबलावर. मग उत्तर सांगते."

थोरल्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते. सहाला लीगच्या कचेरीत उरलेल्या हंगामासाठी खेळाडूंची यादी द्यायची होती. निदान चौदा नावं लागतात. साखरेच्या डब्याखाली सात जणांच्या सह्यांचा कागद होता: खुंट्याला परत आणा, नाहीतर आमची नावं यादीतून काढा. ते सात गेले की नऊ उरत होते. आजोबांनी सुतारकामाच्या कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत, कामगारांना जमवून सुरू केलेला क्लब नऊ नावांवर बंद पडणार होता. सातही जण पाचला मैदानावर उत्तर ऐकायला येणार होते.

"सात जणांनी एका दमात सह्या केल्या," मामा म्हणाला. "मी शिकवायला लागल्यापासून एवढे जण वेळेवर कधी आलेले पाहिले नाहीत."

कोणी हसलं नाही. मामा आईचा धाकटा भाऊ, संघाचा प्रशिक्षक. आई होती तेव्हा त्याच्या विनोदांना ती एकटी तरी हसायची.

थोरल्याने घसा साफ केला. तो सांगायला लागला ते सगळ्यांना पाठ होतं. मैदानाच्या मध्यावर रोवल्यासारखा खेळणारा खुंटा चौतीस वर्षांचा. एक गुडघा कामातून गेलेला. गेल्या सहा हंगामांत गोल चार. त्याच्या बदल्यात आलेला मुलगा चोवीसचा, आल्याबरोबर तीन सामन्यांत पाच गोल मारणारा. त्याला बाण म्हणायला लागले ते उगाच नाही. कागदावर बघितलं तर अदलाबदल चांगली होती. पहिले तिन्ही सामने आपण जिंकलोही होतो.

"आणि पुढचे पाच?" धाकटीने मामाला विचारलं.

"हरलो," मामाने तिच्याऐवजी थोरल्याला सांगितलं, जणू त्याला माहीतच नव्हतं.

बाबा टेबलाच्या टोकाला बसले होते, खुर्ची खिडकीकडे वळवून. खिडकीतून कारखान्याची मागची बाजू दिसायची: फळ्यांची थप्पी, भुशाची पोती आणि उत्तरेच्या खिडकीशी ठेवलेलं एक बुटकं स्टूल. ते तिकडेच बघत होते. थोरल्याने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. एवढं तो दोन महिन्यांत शिकला होता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मीच ठरवलं. झालं समाधान?"

*

वहिनीला ते खोटं आहे हे माहीत होतं.

त्या संध्याकाळी नवरा घरी आला, बूट न काढता पलंगावर बसला आणि म्हणाला, बाबांनी. एवढंच. मग तिने हळूहळू काढून घेतलं. दुसऱ्या क्लबने विचारणा केली होती. थोरल्याने बाबांपुढे दोन नावं ठेवली होती, खुंटा आणि दुसरा एक राखीव खेळाडू. राखीव खेळाडू देऊ, खुंट्याला नको, असं थोरल्यानेच सुचवलं होतं. बाबा म्हणाले, खुंट्याला जाऊ दे. का, ते सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही. कोणाला सांगू नकोस, असं मात्र त्याने बायकोला बजावलं होतं. आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबांवर आणखी कोणी बोट दाखवावं हे त्याला नको होतं.

तिने शब्द पाळला. पण ती संघाचे घोटे आणि गुडघे बांधायची, आणि जे बाकीच्यांना गुणफलकावर दिसलं ते तिला आधी नडग्यांवर दिसलं. पूर्वी लागलेलं घेऊन पोरं यायची ती सामन्यानंतर. आता सरावानंतर यायला लागली. एकमेकांना मारलेलं होतं ते. कुलूप नावाचा तगडा फुलबॅक आणि बाण यांचं पहिल्याच आठवड्यात एका न दिलेल्या पासवरून वाजलं होतं. तसं पूर्वीही वाजायचं. पण पूर्वीचं भांडण चार दिवसांत विरायचं. हे विरलं नाही, फुगलं. संघात दोन कंपू झाले. काही जण घरूनच कपडे बदलून यायला लागले. सराव संपला की चेंडू पडले तिथेच राहायचे. दोन डझनांतले पाच कुंपणापलीकडे गेले ते गेलेच. आणि मैदान मुकं झालं. मध्ये उभा राहून सतत बोलणारा खुंटाच नव्हता: डावीकडे बघ, मागे माणूस आहे, शाब्बास, सोड तो, दुसरा घे. त्याच्या बडबडीला हसणारी पोरं आता अकरा अनोळखी माणसांसारखी खेळायची.

आणि या सगळ्याचं खापर थोरल्याच्या डोक्यावर फुटत होतं. काल कारखान्यात कोणी तरी त्याच्या डब्यावर खडूने शून्य काढून ठेवलं होतं. तो ते पुसून जेवला.

आता धाकटी त्याला बोलत होती, यावेळी थेट. तिचं म्हणणं होतं की त्याला माणसं रकान्यात दिसतात. आई असती तर त्याची हिंमत झाली नसती. शेवटच्या सहा महिन्यांत आईला उचलून उन्हात बसवायला कोण यायचं? थोरला तेव्हा कुठे होता, तक्ते करत? मामाही तिच्या बाजूने मान हलवत होता. थोरला ऐकून घेत होता. त्याच्या कपाळावरची शीर वहिनीला दिसत होती.

तिने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही बोला. नाहीतर मी बोलते."

या घरात सून म्हणून आल्याला तिला नऊ वर्षं झाली होती. सासऱ्यांशी ती या आवाजात कधी बोलली नव्हती. थोरला म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस." ती म्हणाली, "मधेच आहे मी. दोन महिने तुझी झोप मी बघतेय."

मामाची मान हलायची थांबली. धाकटीने आधी वहिनीकडे, मग थोरल्याकडे आणि सगळ्यात शेवटी खिडकीकडे वळलेल्या खुर्चीकडे पाहिलं.

बाबांनी खुर्ची टेबलाकडे वळवली. वेळ लागला त्यांना. खुर्चीचा लाकडी पाय फरशीवर घासला गेला.

"मी ठरवलं," ते म्हणाले. "हा नको म्हणत होता."

*

बाबांना बोलायची सवय नव्हती. घरातलं बोलणं पोरांच्या आईकडे होतं, त्यांच्याकडे ऐकणं. तरी त्यांनी सांगितलं, जसं जमलं तसं.

ती मंगळवारी स्टिकांच्या मुठीला ग्रिप बांधायची. उत्तरेच्या खिडकीशी, त्या बुटक्या स्टुलावर. लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून ते शेवटच्या आजारापर्यंत. संघातल्या प्रत्येकाची स्टिक तिच्या हाताखालून जायची. मेणाचा दोरा दातात धरायचा, पट्टी ओढत गुंडाळायची आणि शेवटी एक हिसका द्यायचा. हात चालेनासे झाले तेव्हा तिने ते काम खुंट्याला शिकवलं. तो शिकला, आणि ती गेल्यावरही मंगळवार त्याने चुकवला नाही. तो तसाच बसायचा, पाठमोरा, वाकून. दोरा दातात. शेवटी हिसका.

"मी जेवून कारखान्यात जायचो," बाबा म्हणाले. "दारातून तो दिसायचा. पाठ दिसायची. दर मंगळवारी एक क्षण मला वाटायचं..." ते थांबले. "एक क्षणच. मग तो वळायचा आणि म्हणायचा, या बाबा. वर्षभर झालं असं. मला नाही बघवलं."

वहिनीने टेबलावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली.

"तो चांगलं करत होता," बाबा म्हणाले. "तिच्याइतकंच चांगलं. तेच सहन झालं नाही. कागद समोर आला, मी म्हटलं जाऊ दे. वाटलं स्टूल रिकामं झालं की बरं वाटेल."

"आणि वाटलं?" मामाने विचारलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"आता रिकामं स्टूल बघतो."

धाकटी खुर्ची ओढून बसली. ती दात काढणारी डॉक्टर. घरातल्या हॉकीवर माझा दवाखाना चालतो असं ती म्हणायची. कुठे धरायचं आणि किती जोर लावायचा हे तिला कळायचं. दोन महिने तिने सगळा जोर थोरल्यावर लावला होता, आणि दात दुसराच होता. ती त्याच्याकडे बघू शकली नाही. तो मात्र तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवून मोकळा झाला.

"सांग आता," बाबा म्हणाले. "काय म्हणाला?"

"नाही येणार तो."

तिने सगळं सांगितलं. खुंटा तिला त्याच्या नव्या मैदानावर भेटला होता, चेंडू गोळा करताना. तिकडेही सराव संपल्यावर चेंडू तोच गोळा करत होता. आधी त्याने घरच्या सगळ्यांची चौकशी केली. बाबा जेवतात का विचारलं. मग तिने परत यायचं काढलं, तेव्हाही तो चेंडू गोळा करत राहिला. सरावाला जायच्या बसची वेळ झाली की अजून पाय आपल्या जुन्या मैदानाकडे वळतात, म्हणाला. एकदा तर तो चुकून इथे येऊन फाटकापासून परत गेला होता. पण येणार नाही म्हणाला.

"म्हणाला, मी आलो तर बाणाला परत पाठवणार ना? तो काय स्टूल आहे, इकडून उचललं आणि तिकडे ठेवलं? माझं झालं ते झालं. त्याचं करू नका." धाकटी पाणी प्यायली. "मग मला विचारलं, बाणाची ग्रिप कोणी बांधली?"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामाने वहिनीकडे पाहिलं. बाणाची ग्रिप कोणीच बांधली नव्हती. दुकानातून आली तशीच होती. त्याला कपडे बदलायच्या खोलीत कपडे अडकवायला खुंट्याचाच खिळा दिला होता, आणि तो खिळा कोणाचा हेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दोन महिने शेजारच्या खिळ्यावरचा माणूस आपल्याकडे पाठ का करतो हे त्या बिचाऱ्याला कळत नसणार.

"मी म्हटलं कोणीच नाही. तर त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, मग ढीग कसा करता तुम्ही?"

ढीग म्हणजे या क्लबची जुनी पद्धत. सरावात दोन बाजू पाडायच्या असल्या की सगळ्यांनी आपली स्टिक मैदानाच्या मध्यावर टाकायची. एकाने डोळ्यांवर टॉवेल बांधून ढिगापाशी गुडघ्यांवर बसायचं आणि एक स्टिक डावीकडे, एक उजवीकडे टाकत जायचं. ज्याची स्टिक जिकडे, तो तिकडे. पक्षपात नको, कुरकुर नको. चौदा वर्षं तो टॉवेल खुंट्याच्या डोळ्यांवर होता. तो गेल्यावर मामाने घेतला.

"कसा म्हणजे?" मामा म्हणाला. "करतो तसाच. मी तर टॉवेलची दुहेरी घडी करतो, उगाच कोणी म्हणायला नको मामा फटीतून बघतो म्हणून."

"तो बघत नव्हता," धाकटी म्हणाली. "त्याला गरजच नव्हती."

तिने पिशवीची चेन उघडली आणि एक स्टिक काढून मामाच्या हातात दिली. ती मामाचीच होती. या सहा स्टिका घरच्या. पोरं लहान असल्यापासून सुटीच्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात सगळे खेळायचे त्या, शेवटची वहिनी आल्यावर केलेली. आई गेल्यावर खुंट्याने त्या नव्याने ग्रिपा बांधायला नेल्या होत्या आणि अदलाबदलीत त्याच्याकडेच राहिल्या होत्या.

"डोळे मीट. अंगठा जातो तिथून खाली बोट फिरव."

मामाने डोळे मिटले. पट्टीखाली काहीतरी लागलं. मेणाच्या दोऱ्याचा एक वेढा, बारीक. बघून दिसला नसता.

"तुझा एक, मधोमध," धाकटी म्हणाली. "दादाचे दोन, लांब लांब. माझे दोन, चिकटून. वहिनीचा अगदी खाली करंगळीशी. संघातल्या प्रत्येकाचाही असा वेगळा. आईने सुरू केलं, त्याला तिने शिकवलं. हात लागला की कोणाची ते कळतं."

"कशाला पण?" थोरल्याने विचारलं.

"ज्यांचं भांडण झालंय, त्या दोघांना एका बाजूला टाकायला."

थोरल्याने पिशवीतून आपली स्टिक काढली आणि पट्टीवरून बोट फिरवलं.

"एका बाजूला असलं की पास द्यावाच लागतो," धाकटी म्हणाली. "समोरासमोर आले की नडगीच फोडणार. आईचं हे म्हणणं. त्याने मला जसंच्या तसं सांगितलं."

मामाने स्टिक टेबलावर ठेवली. दोन महिने त्याने कुलूप आणि बाण यांना खऱ्या नशिबावर सोडलं होतं, आणि नशिबाने त्यांना आठ ढिगांतून सहा वेळा समोरासमोर उभं केलं होतं. "म्हणजे मी प्रामाणिकपणे संघ बुडवला," तो म्हणाला.

थोरला आपली स्टिक दोन्ही हातांत धरून उभा होता. खेळाडूंच्या त्याच्या तक्त्याला अठरा रकाने होते, यासाठी एकही नव्हता. "आठवतं," तो बहिणीला म्हणाला, "तू माझी भूगोलाची वही फाडलीस त्या दिवशी?"

"तूच माझी फाडली होतीस."

"त्या दिवशी आईने केलेल्या ढिगात आपण दोघं एका बाजूला आलो होतो. मी रडलो होतो त्यावरून."

"आणि तू मला पास दिलास," धाकटी म्हणाली. "रडत रडत. मी गोल मारला." तिने डोळे पुसले. "दादा, मी जे बोलले ते..."

"वही तूच फाडलीस एवढं कबूल कर, बाकी सोडून दिलं."

वहिनी विचारात पडली होती. "मी नवी होते तेव्हा पहिलं वर्षभर दर वेळी आईंच्या बाजूला असायचे," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, किती छान जमतं आमचं."

मामा म्हणाला, "म्हणजे वर्षभर ताई तुझ्यावर खार खाऊन होती."

आधी वहिनीच हसली. मग सगळे हसले, थोरलासुद्धा. त्या टेबलावर हसण्याचा आवाज बऱ्याच महिन्यांनी झाला होता आणि तो थांबल्यावर सगळ्यांना जरा चुकल्यासारखं झालं.

*

बाबा हसले नव्हते. त्यांनी पिशवीतून उरलेल्या दोन स्टिका काढल्या होत्या.

एक त्यांची. तिच्यावर वेढा सगळ्यात वर, अंगठ्याच्या खालीच. दुसरी तिची. खुंट्याने पाचांना नव्या ग्रिपा बांधल्या होत्या, हिला नाही. पट्टी जुनी, कडेने काळी पडलेली, तळव्याच्या जागी गुळगुळीत. धाकटीने सांगितलं, तो म्हणाला की हिची पट्टी मी सोडणार नाही, हिच्यावर त्यांचा हात आहे.

बाबांनी डोळे मिटून बोट वरून खाली नेलं, मग खालून वर. काही लागलं नाही. पुन्हा नेलं. सगळ्या घराला तिने खूण केली होती. स्वतःच्या स्टिकला काही नव्हतं. बिनखुणेची एकच असेल तर तीही हाताला कळतेच की.

त्यांना अंगणातल्या सकाळी आठवल्या. अडतीस वर्षांचा संसार, भांडणं काय थोडी झाली? ती अबोला धरणारी नव्हती, तेच धरायचे. दोन-दोन दिवस. मग सुटीची सकाळ यायची, ढीग व्हायचा, ती डोळ्यांवर टॉवेल बांधून बसायची. आणि दर वेळी त्यांची स्टिक तिच्याच बाजूला पडायची. दर वेळी. ते स्टिक उचलत म्हणायचे, नशिबातच नाही तुझ्यापासून सुटका. ती टॉवेल सोडत म्हणायची, हो ना.

एवढंच म्हणायची. त्यांनी कधी विचार केला नाही. वाटायचं, योगायोग.

त्यांनी स्टिक गालाला लावली नाही की काही नाही. घरच्यांसमोर ते तसं करणारे नव्हते. नुसती धरून बसले. आता भांडायलाही कोणी नव्हतं आणि बाजू पाडायलाही. खुंट्याला ही विद्या तिने दिली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने सही करून घराबाहेर काढली होती. तो मंगळवारी पाठमोरा बसायचा तेव्हा जाऊन शेजारी बसायला हवं होतं. मला दाखव म्हणायला हवं होतं. दारात उभे राहिले वर्षभर.

"खुणा सांगितल्या त्याने? सगळ्यांच्या?" त्यांनी विचारलं.

धाकटीने पर्समधून दवाखान्याचे दोन कागद काढले. औषधं लिहितात त्या कागदांवर बाण सोडून पंधरा नावं होती आणि प्रत्येक नावापुढे आडव्या रेघा.

"वाच," बाबा म्हणाले. "सावकाश वाच. आणि कोणाचं कोणाशी बिनसलंय तेही सांगा."

ते काम वहिनीने केलं. तिला नडग्यांवरून सगळं माहीत होतं. थोरल्याने पेनाला टोपण लावलं आणि कोरी यादी तशीच खिशात ठेवली. चार वाजेपर्यंत एक म्हातारा डोळे मिटून नावं घोकत होता आणि चुकला की धाकटी पुन्हा पहिल्यापासून वाचत होती.

*

सातही जण पाचच्या आधीच आले होते. कुंपणाच्या आत, पण मैदानाच्या बाहेर, बाकाशी उभे. बाण पलीकडे पाण्याच्या नळाशी एकटा, उगाच बुटाची नाडी सोडून बांधत. बाकीचे मधल्या मध्ये, कोणाच्या बाजूने उभं राहावं ते न कळून.

थोरला पुढे व्हायला लागला तसा बाबांनी त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं.

"खुंट्याला मी घालवला," ते सातांना म्हणाले. "याने नाही. हा नको म्हणत होता. याला बोललात ते मला बोला."

कुलूप पुढे आला. थोराड, तीस वर्षांचा, दार बसवण्याचं काम करणारा. त्याने तयारी करून आणलेलं बोलणं थोरल्यासाठी होतं. बाबांसमोर त्यातलं काही चालेना. "का पण, बाबा?" एवढंच त्याने विचारलं.

"मला बघवत नव्हतं," बाबा म्हणाले. कुलूप तिच्या हातच्या ग्रिपा वापरून मोठा झालेला. पुढे त्याने विचारलं नाही.

मग बाबांनी सांगितलं की खुंटा येणार नाही. तो नको म्हणाला, आणि का म्हणाला तेही सांगितलं, बाणाला ऐकू जाईल अशा आवाजात. बाणाचे नाडीवरचे हात थांबले. बाबा म्हणाले, उद्या मी स्वतः त्याच्याकडे जाणार आहे; आणायला नाही, माफी मागायला. यादी सहाला द्यायची आहे. अर्धा तास खेळा. मग ज्याला नाव काढायचं त्याने काढावं, मी अडवणार नाही.

"ढीग करा," ते म्हणाले.

मामाने टॉवेल पुढे केला. थोरल्याने त्यांना धरून गुडघ्यांवर बसवलं. गुडघे वाजले. टॉवेलला मामाच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. बाहेर कोणी हललं नाही, मग एक स्टिक पडली, मग दुसरी, मग बऱ्याच एकदम. सर्वांत शेवटी नळाच्या बाजूने बुटांचा आवाज आला आणि आणखी एक हळूच ठेवली गेली.

बाबांनी हात घातला. घरी सोपं वाटलं होतं. इथे स्टिका एकमेकींत अडकलेल्या, थंड, चिखलाच्या. पहिली कोणाची ते कळलंच नाही, ती डावीकडे टाकली. दुसरीही नाही कळली. कोणी तरी म्हणालं, बाबा, अंधार पडेल. तिसरीवर तीन वेढे लागले. मग हळूहळू बोटं सरावली. जमेल तसं ते टाकत गेले, इकडे, तिकडे. दोन वेढे वर आणि एक खाली: कुलूप. ती त्यांनी उजवीकडे टाकली.

मग एक हाताला आली. त्यांनी बोट वरून खाली नेलं, खालून वर नेलं. काही नव्हतं. क्षणभर त्यांचा हात तिथेच राहिला. पट्टी दुकानातली, नवी, खरबरीत. ती नव्हती ही. तरी हात लगेच सुटला नाही.

त्यांनी ती उजवीकडे टाकली.

ढीग संपला. माणसं स्टिका उचलायला लागली. सगळ्यांनीच उचलल्या, सातांनीसुद्धा. टॉवेलच्या आतून बाबांना फक्त पावलं ऐकू येत होती. मग अगदी जवळ कुलूप पुटपुटला, "बाबा, नशीबच फुटकं माझं. सोळांतून नेमका हाच माझ्या बाजूला."

"हो ना," बाबा म्हणाले. आणि टॉवेल सोडायला त्यांनी जरा वेळ लावला.